उजव्या हाताचा गिअर

माझ्या हाताखालून गेलेलं यंत्र चाललं नाही, असं सहसा झालेलं नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी टर्नर होतो, लेथ मशिनवर लोखंड कापून सुटे भाग घडवायचो. साहेब लोक नकाशा घेऊन यायचे आणि मी नकाशा न उलगडता विचारायचो, "कधी पाहिजे?" कामावरचे जोडीदार मला तोंडावर शहाणा म्हणायचे आणि माघारी अतिशहाणा. दोन्ही खरं होतं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही काटेवाडीच्या शिवारात दोन खोल्यांत राहायचो: मी, माझी बायको आणि आबा, म्हणजे माझे वडील. शेजारच्या एका बागायतदाराच्या गोठ्यात एक बुटकी मोटारसायकल पडून होती. चाकं इवलीशी, टाकी लाडवासारखी गोल आणि सीट इतकी खाली की त्यावर बसलेला माणूस लांबून पाटावर बसल्यासारखा दिसावा. त्यांच्या मुलानं हौसेनं घेतलेली. पुढं ती बनवणारी कंपनीच बंद पडली, पार्ट मिळेनात, म्हणून गाडी गोठ्यात गेली आणि तिच्या टाकीखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. त्यांच्या कडबा कुट्टीच्या मशिनचं दात तुटलेलं चाक मी नवीन करून दिलं आणि त्या बदल्यात ही गाडी ढकलत घरी आणली.

बायको दारात उभी होती. तिनं गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "घोडं न्हाय का गाढव न्हाय, ह्ये काय आणलंय तुमी?"

"आबांसाठी हाय," मी म्हणालो.

मग तिनं गाडीला जागा करून दिली, कारण आबांचं दुखणं तिलाही ठाऊक होतं.

ते दुखणं सांगतो. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे तात्या म्हणायचे, या दोघांची मिळून मेंढरं होती. कऱ्हाटी, लोणी भापकरच्या माळापासून इंदापूरच्या बागायतीपर्यंत दोघं वर्षभर चालायचे. एकदा कॅनॉलच्या कडेनं मेंढरं नेताना आबा घसरून दगडांवर पडले आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. पाय बसला, पण ताठच बसला. उभं राहायला त्रास नव्हता, गुडघा मात्र वाकायचा नाही आणि शे-दोनशे पावलांपुढं चालवायचं नाही. तेव्हापासून मेंढरं तात्यांकडं गेली आणि आबा माझ्याकडं आले. आधी लोकर निवडत बसायचे, पुढं नुसतेच बसायला लागले.

वर्षातला एक दिवस मात्र त्यांना सगळ्यांत मोलाचा होता. थंडी ओसरायला लागली की तात्यांच्या मेंढरांची लोकर कातरायची असते. मेंढरांच्या मुक्कामाला आमच्यात वाडा म्हणतात. भिंती नाहीत, दारं नाहीत, रिकाम्या रानात जाळी लावून आत मेंढरं आणि बाहेर तीन दगडांची चूल, एवढाच वाडा. तिथं पहिली मेंढी दोघा भावांनी कातरायची, हा आमच्या घरातला रिवाज. तात्यांनी तिला मांडीशी धरायचं आणि आबांनी कातर चालवायची. आबांचा हात इतका हलका, की मेंढी रवंथ करता करता मोकळी व्हायची.

आणि आणखी एक रिवाज होता, सगळ्या दुखण्याचं मूळ तोच. वाड्यावर जो आपल्या पायांनी आला, किंवा आपलं घोडं आपण हाकत आला, तो घरचा. ज्याला कुणीतरी आणलं, तो पाहुणा. पाहुण्याला घोंगडी अंथरायची, चहा द्यायचा, जेवू घालायचं, पण त्याच्या हातात कातर द्यायची नाही. पाहुण्याला कामाला लावणं म्हणजे वाड्याला बट्टा.

पाय गेल्यानंतर पहिल्या वर्षी मी आबांना एका ओळखीच्याच्या जीपमधून वाड्यावर नेलं. तात्यांनी दुरून पाहिलं, लगबगीनं घोंगडी अंथरली आणि म्हणाले, "बस, टेक हितं." त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. उलट डोळे भरून आले होते त्यांचे. पण पहिली मेंढी दुसऱ्याच कुणी कातरली. आबा घोंगडीवर बसून चहा प्यायले. पुढच्या वर्षी मी विचारलं तर म्हणाले, "मला न्यायला मी काय पोतं हाय?" आणि गेले नाहीत.

आता तिसरं वर्ष. इंदापूरच्या बाजारात भेटलेल्या एका नातेवाइकानं निरोप आणला होता: तात्यांचेही पाय थकले, मुलगा डेअरीत नोकरीला लागला, तेव्हा या वर्षीची कातरणी झाली की मेंढरं विकायची. म्हणजे ही शेवटची कातरणी. निरोप ऐकून आबांनी फक्त विचारलं, "कधी हाय?" दीड महिना होता. नंतर ते भिंतीकडं तोंड करून निजले.

मला राग आला. रिवाजाचा आला, तात्यांचा आला, त्या वाटी फुटलेल्या गुडघ्याचा आला. राग आला की मला काहीतरी बनवायला लागतं. माझा हिशोब साधा होता: आबा पूर्वी सायकल चालवायचे, तोल त्यांच्या अंगात होता. मोपेडला पायडल मारावं लागतं, ते त्यांना जमणार नाही. मोठी मोटारसायकल उंच, तिच्यावर टांग कशी टाकणार? स्कूटर आमच्या ऐपतीबाहेर आणि नांगरटीच्या रानात तर ती म्हशीसारखी बसतीच. बुटकी गाडीच पाहिजे होती, आणि ती चार घरं सोडून कोंबड्या पोसत होती.

मला तेव्हा दुपारची पाळी होती, त्यामुळं सकाळ मोकळी. अंगणात पोतं अंथरलं आणि गाडी सुटी केली. इंजिन गंजलेलं, पण मेलेलं नव्हतं. ते आठ दिवसांत धुऊन, घासून, चालू केलं. बाकीच्या गोष्टी मात्र बाजारात नव्हत्याच. मग काय, एकेक हातानं केली. साहेबांची चिठ्ठी घेऊन भंगारातून पितळेचे तुकडे आणले आणि चाकांचे बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या नळ्या, लेथवर काढले. चेनचं कव्हर गोड्या तेलाच्या डब्याचं कापलं. त्यावरचं सूर्यफूल मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवलं, बायकोला आवडायचं म्हणून. सीटमध्ये काथ्या भरणार होतो, तर आबा पहिल्यांदाच उठून आले आणि म्हणाले, "काथ्या टोचतो. सर बाजूला." मग त्यांनी आपल्या जपून ठेवलेल्या गाठोड्यातली लोकर पिंजली, थरावर थर दाबून बसवली आणि वरून माझ्या बायकोनं रेक्झिन शिवलं. हवेच्या गाळणीची जाळी सडली होती, तिथंही लोकरच बसवली, तेलात बुडवून पिळलेली.

आबांचा डावा पाय वाकत नाही, म्हणून पाय ठेवायची दांडी पुढं न्यायला लागणार होती. त्यांना सीटवर बसवून मी सुतळीनं माप घेतलं. दांडी केली कारखान्यात ऊस पुढं सरकवणाऱ्या गव्हाणीतल्या साखळीच्या पोलादाची. कारखान्यातल्या माणसाला बारीक काही करताच येत नाही. बोटाएवढं पाहिजे तिथं आम्ही मनगटाएवढं करणार.

"ह्याच्यावर हत्ती हुबा केला तरी वाकायची न्हाय," मी बायकोला म्हणालो.

"हत्ती चालवणार हाय व्हय गाडी?" ती म्हणाली, "मामांजींचं वजान बघा की जरा."

राहिला गिअर. तो डाव्या पायानं पाडायचा असतो, आणि आबांचा डावा पाय कामाचा नाही. यावर मी जे काढलं त्याचा मला फार अभिमान होता. ट्रॅक्टरसारखा हाताचा गिअर! डाव्या बाजूला इंजिनातून जो दांडा बाहेर येतो, त्यालाच सरळ वर टाकीपर्यंत एक लोखंडी दांडकं जोडलं. पुढं ढकललं की पहिला, मागं ओढलं की वरचे. गाडी स्टॅंडवर लावून, बाजूला उभं राहून मी दहा वेळा क्लच दाबला आणि दहा वेळा गिअर टाकले. लोण्यात सुरी जावी तसे पडले.

मग शेजारपाजाऱ्यांना बोलावलं. चुकलं ते तिथंच. गुपचूप केलं असतं तर गुपचूप फजिती झाली असती. आबांना गाडीवर बसवलं, इंजिन चालू केलं आणि म्हणालो, "क्लच दाबा आबा, आन् पयला टाका."

आबांनी डाव्या हातानं क्लच दाबला. मग गिअरच्या दांड्याकडं पाहिलं. तो डाव्या बाजूला होता. क्लच सोडून त्यांनी दांड्याला हात घातला, तर क्लच सुटला. पुन्हा क्लच धरला, तर दांडा राहिला. उजव्या हातानं टाकीवरून पलीकडं पोहोचायला गेले, तर हँडल वळलं आणि गाडीसकट कलंडायला लागले. दोघांनी धरलं म्हणून बरं.

आबा शांतपणे म्हणाले, "क्लच धरायला तिसरा हात बशीवलास का कुठं?"

अख्खं अंगण हसलं. झालं होतं असं, की मी गाडीच्या बाजूला उभा राहून डाव्या हातानं क्लच दाबत होतो आणि उजव्या हातानं दांडा ओढत होतो. वर बसून एकदाही पाहिलं नव्हतं. आयुष्यभर मशिनसमोर उभं राहून काम केलेला माणूस. मशिनवर कुणीतरी बसायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. मी पाना असा फेकला की तो शेजारच्यांच्या मिरचीच्या वाफ्यात गेला. बायको पदर तोंडाला लावून हसत होती, तिच्यावरही खेकसलो. दोन दिवस गाडीकडं फिरकलो नाही. कातरणीला बारा दिवस उरले होते आणि मी दुखावलेला मान कुरवाळत बसलो होतो. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी टेकत गाडीपाशी गेले. हाक मारून मला बोलावलं.

"ही काठी कुठल्या हातात हाय?"

"उजव्या."

"जलमभर उजव्याच हातात व्हती. मेंढरू वळवायचं तर ह्याच हातानं वळवलं. आन् तू मला डावा हात शिकवाय लागलाईस." मग दांड्याकडं बोट करून म्हणाले, "हिकडं आण की त्यो. लोखंड तुझं ऐकतं म्हंतोस न्हवं?"

खरं तर उपाय एवढाच होता. डावीकडच्या दांड्यापासून इंजिनाखालून एक आडवी सळई न्यायची आणि उजव्या बाजूला वर काढायची. ॲक्सिलेटर सोडून उजव्या हातानं गिअर टाकायचा, तेवढा वेळ क्लच डाव्या हातात. अर्ध्या दिवसाचं काम. ते केलं. पकडायला वर मूठ पाहिजे होती. मी म्हणालो, पितळेचा गोळा काढून आणतो लेथवरून, आरशासारखा.

"नगं," आबा म्हणाले. आणि आपली काठी माझ्यापुढं धरली.

बोरीची काठी होती ती. वरच्या टोकाला नैसर्गिक गाठ, तळहातानं घासून घासून काळी आणि गुळगुळीत झालेली. आमच्यात मेंढक्या आपली काठी तोडत नाही. मोडली तर कॅनॉलला सोडतो, पण करवत लावत नाही. मी म्हणालो, "आबा, काठी हाय ती."

"ठावं हाय मला. काप."

मी करवत लावली. कारखान्यात एवढाले रोलर एका मापात कापले होते, त्या बोटभर जाडीच्या लाकडाला मात्र तीनदा माप घेतलं होतं. वीतभर तुकडा निघाला, त्याला भोक पाडून लोखंडी दांड्यावर घट्ट ठोकला. उरलेली काठी आबांच्या कमरेपर्यंतही येईना. त्यांनी ती टेकून पाहिली आणि भिंतीला उभी करून ठेवली.

शिकायला आठ दिवस लागले. गावाबाहेरच्या रिकाम्या रानात मी पळायचो आणि आबा गाडी चालवायचे. पहिले दोन दिवस ते गिअर बदलताना मेंढरांना घालतात तशी शीळ घालायचे. सवय हो. लायसनचं नाव काढू नका, त्या काळात आमच्या रस्त्यांवर ते कुणी काढत नव्हतं. आठव्या दिवशी ते एकटेच काटेवाडीच्या पारापर्यंत जाऊन आले आणि पारावरची म्हातारी मंडळी उठून उभी राहिली. आबा माघारी आले, स्टँड लावला आणि बायकोला म्हणाले, "सुनबाई, च्या टाक." दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं.

कातरणीच्या दिवशी भल्या सकाळी निघालो. निघताना आबांनी कातर फडक्यात गुंडाळून कमरेला खोवली. मी म्हणालो, मी एसटीनं येतो.

"बस मागं. वाटंत काय झालं तर पाना कोण फिरवंल?"

मग मी मागं बसलो. लोकरीची सीट दोघांना जेमतेम पुरत होती. आबांचा ताठ पाय पुढच्या दांडीवर, एखाद्या सरदारासारखा. उसाच्या गाड्या चुकवत, लासुर्णे मागं टाकून निमगावच्या बाजूला वळलो. ऊन चढेपर्यंत गाडीनं हूं की चूं केलं नाही. मी तिचा आवाज ऐकत होतो आणि मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. धास्ती एकच होती. गाडीला तात्या काय समजणार, घोडं की जीप? हे आबांनी विचारलं नव्हतं आणि मीही काढलं नव्हतं.

डांबरी सोडून रानाच्या वाटेला लागलो. समोर जाळी दिसली, मेंढरांचा आवाज आला, आणि चुलीपाशी उभे राहिलेले तात्या दिसले. हाताचं छप्पर करून ते आमच्याकडंच बघत होते. नेमकं तिथंच, ढेकळांच्या रानात, चाक रुतलं आणि इंजिन बंद पडलं. मी खाली उडी मारली आणि सीटला मागून हात लावला.

"हात लावू नगंस!" आबा ओरडले. इतक्या मोठ्यानं ते माझ्यावर लहानपणीही ओरडले नव्हते.

मी हात काढून घेतला. ढकलत नेलेला माणूस म्हणजे आणलेला माणूस. आबा उतरले. ताठ पाय ढेकळात रोवला, उजव्या पायानं किक मारली. नाही. दुसरी मारली. नाही. तात्या अजून तसेच उभे. त्या क्षणी मी बनवलेल्या एकेका तुकड्याला मी मनातल्या मनात शिव्याही दिल्या आणि हातही जोडले. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं. आबा बसले, मूठ धरून पहिला टाकला, चाक ढेकळांतून वर काढलं आणि मागं न बघता म्हणाले, "बस."

वाड्यापाशी आबांनी गाडी थांबवली. तात्या जवळ आले. रामराम नाही, काही नाही. गाडीला एक चक्कर मारली. चेनच्या कव्हरवरचं सूर्यफूल बघितलं, पुढं काढलेली दांडी बघितली. मग त्यांची नजर गिअरच्या मुठीवर गेली. त्यांनी वाकून तिच्यावर तळहात ठेवला. ती गाठ त्यांनी चाळीस वर्षं आपल्या शेजारी चालताना पाहिली होती.

"काठी आखूड झाली का रं?" तात्यांनी विचारलं.

"हाय तेवढी पुरंल," आबा म्हणाले.

तात्या वळले, झोळीतून घोंगडी काढली आणि झटकून चुलीजवळ अंथरली. म्हणजे आबा पाहुणेच. दीड महिना, पितळ, लोखंड, कापलेली काठी, सगळं मातीत गेलं. तोंड उघडून भांडायलाच निघालो होतो मी. चुलत्यांशी, त्यांच्याच वाड्यावर.

तात्यांनी आबांकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "बसा पाव्हणं. लांबनं आणलंय तुमास्नी. च्या घ्या." आणि मग जाळीकडं चालता चालता आबांना म्हणाले, "चल बिगीबिगी. ऊन झालं किती. मेंढी धरून ठेवलीया."

आबांनी कमरेची कातर काढली आणि लंगडत त्यांच्या मागं गेले.

मी घोंगडीवर बसलो. तात्यांनी मेंढी मांडीशी धरली, आबा पाय लांब करून तिच्यापाशी टेकले आणि कातर चालू झाली. दोघांची डोकी जवळ आली होती. ते काहीतरी बोलत होते, हसत होते, मला ऐकू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते मी पुसलंही नाही. एकदा वाटलं, उठावं, निदान मेंढीचा पाय तरी धरावा. गाडी मी बनवली होती, वाटेत पाना माझ्याच खिशात होता. पण मला आणलं होतं. रिवाज म्हणजे रिवाज.

आठवड्यानं मेंढरं विकली गेली. त्या वाड्यावर पुन्हा कुणाला घोंगडी अंथरली गेली नाही. तिथला शेवटचा पाहुणा मी.